वाचक विचारतात : आमचा वॉर्ड नेमका कितवा?

जानेवारी २०२६ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक झाली आणि तेव्हापासून मुलुंडकरांची इतकी पत्रं आलीत की या वेळचं सदर सगळं त्यांनाच देऊन टाकलंय. बाकीच्या उपनगरांनी रागावू नका, मुलुंडच्या जागी भांडुप किंवा दहिसर घातलंत तरी बरंचसं तसंच लागू पडेल.

प्रश्न : मी रिटायर्ड आहे, मुलुंड पूर्वेला राहतो. पालिकेच्या कागदांवर 'टी वॉर्ड' असतं, निवडणुकीच्या बॅनरवर शंभरच्या पुढचा आकडा असतो, आणि आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर जे नगरसेवक निधीतलं सिमेंटचं बाकडं आहे त्यावर तिसराच नंबर रंगवलाय. मला आमच्या वॉर्डाचा इतिहास लिहून काढायचाय, पण खरा वॉर्ड कुठला तेच कळेना.

काका, तिन्ही खरे आहेत. अक्षरवाला वॉर्ड म्हणजे ऑफिसचा, पाणी, कचरा, गटारं, अनधिकृत बांधकाम, जे काय ते सगळं तिथून चालतं, मुलुंडचं हे ऑफिस देवीदयाल रोडला. ए ते जी शहरात आणि एचपासून पुढे उपनगरात, मधली आय, जे, ओ, क्यू ही अक्षरं घेतलीच नाहीत आणि टी हे शेवटचं, म्हणजे कारभाराच्या हिशोबात आपण अगदी शेपटाला. नंबरवाला वॉर्ड, ज्याला सरकारी कागदात प्रभाग म्हणतात, तो फक्त मतदानासाठी. दहिसरला १ नंबर सुरू होतो, कुलाब्याला २२७ वर संपतो, आणि त्यात मुलुंडच्या वाट्याला १०३ ते १०८ असे सहा येतात. सहाच का, तर हिशोब सोपा आहे, २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाखांची, भागिले २२७, म्हणजे एका प्रभागात सरासरी ५५ हजारांच्या आसपास माणसं, आणि टी वॉर्डाची लोकसंख्या तेव्हा साधारण ३ लाख ४१ हजार. (हो, २०२६ ची निवडणूकसुद्धा २०११ च्याच डोक्यांवर झाली. मधल्या काळात जे टॉवर उभे राहिले त्यातली माणसं मतदार यादीत आहेत, पण प्रभागाची रेघ मारताना ती मोजलेली नाहीत.)

आता तुमचं बाकडं. १९६८ ला नगरसेवक १४० होते, १९८५ ला १७० झाले, १९९२ ला २२१ आणि २००२ पासून २२७. जेव्हा जेव्हा जागा वाढल्या तेव्हा सगळ्या मुंबईच्या रेघा नव्याने मारल्या गेल्या आणि नंबर पुढे सरकले, आणि जागा नाही वाढल्या तरी नवीन जनगणना आली की परत रेघा, त्यामुळे बाकड्यावरचा नंबर हा बहुतेक आधीच्या एखाद्या रचनेतला असणार, कोणी पुसला नाही इतकंच. इतिहास लिहायचाच असेल तर नंबर धरून अजिबात लिहू नका, फसाल, १९९७ चा अमुक नंबर आणि २०१७ चा तोच नंबर ही दोन वेगळी गावं निघतील. नाला धरा, रस्ता धरा, रेल्वे लाइन धरा, चाळीचं नाव धरा. प्रभागरचनेची अधिसूचना निघते त्यात प्रत्येक प्रभागाची हद्द शब्दांत दिलेली असते, अमुक रस्ता आणि तमुक नाल्याच्या नाक्यापासून निघून दक्षिणेकडे रेल्वेच्या हद्दीपर्यंत, तिथून पूर्वेकडे, असं करत करत पूर्ण चक्कर मारून पहिल्या नाक्यावर परत. प्रत्येक निवडणुकीची ती मिळवा आणि एकाच नकाशावर वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिलींनी काढा. गल्ली इकडून तिकडे कधी गेली ते स्वच्छ दिसतं, आणि का गेली असेल याचा अंदाज तुमच्या वयाच्या माणसाला आम्ही सांगायला नको.

प्रश्न : आजोबा म्हणायचे की मुलुंड आधी ठाण्यात होतं. खरंय का? मग पालिकेसाठी मतदान कधीपासून?

खरंय. १९५० मध्ये मुंबईची हद्द वाढली ती पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत, मुलुंड एका स्टेशनासाठी बाहेर राहिलं! फेब्रुवारी १९५७ ला हद्द अजून सरकली, दहिसर आणि मुलुंड आत आले, तोवर हा भाग ठाणे जिल्ह्याचा. पण म्हणून १९५७ आधी इथे नुसतं जंगल होतं असं समजू नका. पश्चिमेला स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत जे सरळ काटकोनातले रस्ते दिसतात ती आखणी १९२० च्या दशकातली, म्हणजे मुंबई पालिकेच्या आधीची. त्यामुळे पालिकेने मुलुंड वसवलं असं कोणी भाषणात म्हणालं तर हसून सोडून द्या.

मतदानाचं म्हणाल तर १८७२ च्या कायद्याने जे ६४ जणांचं सभागृह झालं त्यातले निम्मे म्हणजे ३२ करदात्यांनी निवडलेले, बाकीचे सरकारने आणि जस्टिस ऑफ द पीस (म्हणजे सरकारनेच नेमलेली प्रतिष्ठित माणसं) मंडळींनी दिलेले. सगळ्या सज्ञान माणसांना मत मिळालं ते १९४८ च्या निवडणुकीत. मुलुंड आलं त्यानंतर नऊ वर्षांनी, त्यामुळे मुंबई पालिकेत टॅक्स भरतो म्हणून मत, ही भानगड मुलुंडकराच्या वाट्याला कधी आलीच नाही.

वाट्याला काय आलं तेही लिहितो, कारण आजोबांनी सांगितलं असेलच. शहरात आल्यावर दहा वर्षांत, १९६७ ला, डंपिंग ग्राउंड आलं, पूर्वेला खाडीच्या बाजूला साधारण २४ हेक्टर, आणि ते बंद झालं थेट ऑक्टोबर २०१८ ला. शहराचा कचरा सगळ्यात शेवटी आत घेतलेल्या कोपऱ्यात, यात कोणाला योगायोग दिसत असेल तर दिसो, आम्हाला दिसत नाही. ठाण्याच्या हद्दीवरच्या चेकनाक्यावर जकात होती, ती १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली, आणि छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला, म्हणजे विधानसभेच्या तोंडावर. हरिओम नगरवाल्यांना विचारा, राहायला मुंबईत आणि टोलनाक्याच्या पलीकडे, पालिका निवडणुकीत इतकी वर्षं हा एक विषय कुठल्याच उमेदवाराला चुकवता आला नाही.

पक्षांचं थोडक्यात : १९९७ पासून २०२२ पर्यंत पालिका सलग शिवसेनेकडे, पण मुलुंडने आपला वेगळा कल ठेवला. २०१७ ला शहरात शिवसेना ८४ आणि भाजप ८२ अशी घासून लढत झाली तेव्हा मुलुंडच्या सहाच्या सहा जागा भाजपला गेल्या. इथे नगरसेवकपद ही शिडी असते. सरदार तारा सिंग आधी नगरसेवक, मग १९९९ पासून चार टर्म आमदार, मनोज कोटक १०३ मधून नगरसेवक आणि २०१९ ला खासदार.

प्रश्न : मी वस्तीत बरीच वर्षं काम करतेय, महिला बचत गट चालवते, या वेळी उभं राहायचं ठरवलं होतं. सोडतीत आमचा प्रभाग माझ्यासाठी नसलेल्या आरक्षणात गेला आणि सगळं पाण्यात. हे चिठ्ठीवर का ठरतं? ही कुठली लोकशाही?

ताई, तुमचा राग बरोबर आहे पण तो चिठ्ठीवर काढू नका, चिठ्ठी नसती तर हे कोणी बंद खोलीत ठरवलं असतं आणि मग तुमचं नाव यायची आशा अजूनच कमी. ११ नोव्हेंबर २०२५ ला वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात सोडत झाली, २२७ पैकी अनुसूचित जातींना १५, जमातींना २, ओबीसींना ६१ आणि सर्वसाधारण १४९, आणि या सगळ्यांत मिळून ११४ जागा महिलांच्या. महिलांचं आरक्षण १९९२ च्या निवडणुकीत याहून कमी होतं, २०१२ पासून निम्मं झालं. पूर्वी बायका सभागृहात अगदी बोटांवर मोजण्याइतक्या असायच्या, तेव्हा हे चिठ्ठ्यांचं खटलं झालं म्हणून निदान दार तरी उघडलं.

त्याची वाईट बाजूही आहेच, ती तुम्ही भोगलीत. ज्याला पुढच्या वेळी प्रभाग आपल्यासाठी राहील की नाही याचीच खात्री नाही तो पाच वर्षं जीव तोडून काम कशाला करेल? आणि प्रभाग महिला झाला की साहेबांच्या मिसेस उभ्या राहतात, बॅनरवर वहिनींचा फोटो साहेबांपेक्षा किंचित लहान, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

पण एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसावी म्हणून सांगतो. उभं राहायला तुमचं नाव त्याच प्रभागाच्या यादीत असायची गरज नाही, मुंबईच्या यादीत कुठेही असलं की चालतं, वय २१ पूर्ण हवं, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं नसावं. शेजारचा प्रभाग तुम्हाला उघडा होता का ते बघितलंत? पक्षवाले बघतात, म्हणून तर ते इकडून तिकडे उड्या मारतात. बचत गट काय प्रभागाची रेघ बघून थांबत नाहीत, तुमची ओळख पलीकडच्या गल्लीतही असणारच.

आणि चिठ्ठीचंच म्हणाल तर २०१७ ला गिरगावच्या २२० मध्ये शिवसेना आणि भाजपच्या उमेदवारांना बरोब्बर ५,९४६ - ५,९४६ मतं पडली आणि नगरसेवक कोण हे एका लहान मुलीने उचललेल्या चिठ्ठीने ठरलं. भाजपचे अतुल शाह आले. त्या दिवशी गिरगावात मत द्यायला न गेलेल्या प्रत्येकाला घरच्यांनी काय ऐकवलं असेल!

प्रश्न : माझी बहीण चेकनाक्यापलीकडे ठाण्यात राहते, तिने चार मतं दिली आणि मी एकच. आम्ही काय घोडं मारलंय?

काहीच नाही, उलट सुटलात. मुंबईत एका प्रभागाचा एकच नगरसेवक, ठाण्यात ३३ प्रभाग, त्यातल्या ३२ मध्ये चार-चार आणि एकात तीन, मिळून १३१. बहिणीला विचारा गटार तुंबलं तर चारातल्या कोणाला फोन लावते. प्रत्येकजण दुसऱ्याचं नाव सांगतो. पक्षांना हे पॅनल, म्हणजे एका प्रभागात चार जणांची पद्धत, आवडतं कारण एका वजनदार माणसाच्या मागून तीन हलके निघून जातात, मतदाराला त्यातून काय मिळतं ते आम्हाला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

प्रश्न : २०२२ ते २०२६ नगरसेवकच नव्हते तरी कचरा उचलला जात होता, पाणी येत होतं. मग नगरसेवक हवेत कशाला?

७ मार्च २०२२ ला मुदत संपली आणि दुसऱ्या दिवशीपासून आयुक्त चहल हेच प्रशासक, २०२४ पासून गगराणी. याआधी असं झालं होतं ते १९८४-८५ ला, सुखटणकर प्रशासक असताना, पण ते वर्षभरात आटपलं. या वेळी ओबीसी आरक्षणाची केस, त्यात एका सरकारने जागा २२७ च्या २३६ केल्या, दुसऱ्याने ऑगस्ट २०२२ मध्ये परत २२७, परत कोर्ट, शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा गाडी हलली आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. भाजप ८९, ठाकरेंची शिवसेना ६५, शिंदेंची २९.

कचरा उचलणं हे खातं करतंच, त्याला नगरसेवक लागत नाही. लागतो तो वाद घालायला. प्रशासक असताना प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच, स्थायी समितीत उठून हे टेंडर इतकं कसं फुगलं असं विचारायला कोणी नाही. मुलुंड पूर्वेला प्रकल्पग्रस्तांची हजारो घरं येणार म्हटल्यावर लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले, पण सभागृहात बोलायला त्यांचा माणूसच नव्हता. नगरसेवक कामाचा असेल, बिनकामाचा असेल, पण त्याच्या घराखाली जाऊन ओरडता येतं. आयुक्तांच्या घराखाली जाऊन बघा.

आता माणूस आलाय तर त्याला कामाला लावा. मुलुंड-भांडुपची प्रभाग समिती एकच आहे, एस आणि टी मिळून, आणि तिच्या बैठकीत नगरसेवकाने काय विचारलं आणि अधिकाऱ्याने काय उत्तर दिलं हे कागदावर येतं. ते कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात, अर्जाला दहा रुपये लागतात. पहिल्या सहा महिन्यांचे मागवा, आणि आपल्या नगरसेवकाने कितीदा तोंड उघडलं ते आम्हाला कळवा, इथे छापू.