नॉरिचची अपघात विमा संस्था

प्रश्न : व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये लंडनबाहेरही अपघात विमा कंपन्या होत्या का?

उत्तर : होत्या, आणि पूर्व इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या नॉरिच शहरातील ‘नॉरिच अँड लंडन अ‍ॅक्सिडेंट इन्शुरन्स असोसिएशन’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. या व्यवसायाचा पाया रेल्वेने घातला. 1849 मध्ये लंडनला स्थापन झालेली ‘रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनी’ तिकीट खिडकीवरच विमा विकू लागली. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाने एक पेनी दिली आणि तो अपघातात दगावला, तर वारसांना 200 पौंड मिळत. गरिबालाही परवडणारी ही सोय मला त्या शतकातील एक मोठी सामाजिक कल्पना वाटते. नॉरिचची संस्था त्याच शतकात पुढे आली. 1880 च्या ‘एम्प्लॉयर्स लायबिलिटी’ कायद्याने आणि त्याहून अधिक 1897 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामावरील दुखापतीचा आर्थिक भार मालकांवर टाकला, तेव्हा या व्यवसायाला नवा, मोठा ग्राहकवर्ग लाभला. या संस्थेसाठी वास्तुविशारद जॉर्ज स्किपर यांनी सेंट जाइल्स स्ट्रीटवर उभारलेली भव्य इमारत आज हॉटेल म्हणून वापरात आहे. पुढे ही संस्था ‘नॉरिच युनियन’कडे गेली, आगीच्या विम्यात मुरलेल्या कंपनीला अपघात विमा हवाच होता.