भाऊबीजेची ओवाळणी आणि हक्कसोडपत्र

प्रश्न : माझं वय 53. लग्न मे 1993 मध्ये झालं. माहेर सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात. वडील मागच्या वर्षी वारले, मृत्युपत्र नाही. मागे आई, एक भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. जमीन आठ एकर, त्यात तीन एकर द्राक्षबाग. दहाव्याच्या दिवशी ‘वारसनोंदीला लागतं’ म्हणून भावाने एका स्टँपपेपरवर माझी सही घेतली, मी वाचलं नाही. आता तो म्हणतो, भाऊबीजेला आलीस की तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्र करू, बागेवर कर्ज काढायचंय, नुसती कागदावरची सही आहे. गावातले जाणकार सांगतात, 94च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्कच नसतो. मला भाऊ तोडायचा नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी त्या 94च्या गोष्टीचं बघू. ती अर्धी खरी आहे, म्हणूनच गावात इतकी टिकून राहिली आहे. केंद्राच्या आधी महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. ती 22 जून 1994 पासून लागू झाली आणि त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तिने बाहेर ठेवलं. तुमचं लग्न एक वर्ष आधीचं, म्हणजे तेव्हा तुम्ही खरंच बाहेर होतात. पण 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती आली आणि तिच्यात लग्नाची अट नाही. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर पुढे बरीच वर्षं कोर्टांत खल झाला. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला : हा हक्क जन्माने मिळतो, वडील हयात असण्याची गरज नाही. तुमचे वडील तर मागच्या वर्षापर्यंत होते. एकच अडचण येऊ शकते. 20 डिसेंबर 2004 पूर्वी वडील आणि भावात खरोखर वाटणी झालेली असेल, तर ती मोडता येत नाही. ‘तोंडी वाटणी झाली होती’ असं आता सांगून सहसा भागत नाही, तरी जुने फेरफार (जमिनीच्या नोंदीतले बदल) काढून बघा.

हिस्सा किती, तर चौथा. जमीन वडिलोपार्जित की वडिलांनी स्वतः घेतलेली, यावरून गावात तासन्‌तास वाद घालतात, पण तुमच्या घरात दोन्ही हिशेब एकाच जागी येतात. स्वकष्टाची असेल तर मृत्युपत्र नसल्यामुळे आई, भाऊ आणि तुम्ही दोघी, असे चार सारखे वाटे. वडिलोपार्जित असेल तर वडील धरून पाच वाटे, आणि वडिलांचा पाचवा वाटा पुन्हा तुम्हा चौघांत. बेरीज केली की प्रत्येकी पाव. म्हणजे दोन एकरांची किंमत. बाग कुणाकडे आणि जिराईत कुणाकडे, हा पुढचा प्रश्न.

आता दहाव्याच्या दिवशीची सही. जमिनीतला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. साधा स्टँपपेपर, अगदी नोटरीचा शिक्का असला तरी, तुमचा हिस्सा भावाच्या नावावर नेऊ शकत नाही. पण म्हणून निर्धास्त राहू नका. पुढे वाद झालाच तर असा कागद ‘घरात आधीच समझोता झाला होता’ म्हणून कोर्टापुढे ठेवला जातो. भावाकडून त्याची प्रत मागा. ‘कुलमुखत्यार’ (म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) हा शब्द त्यात दिसला तर एक दिवसही न थांबता लेखी नोटीस देऊन तो अधिकार रद्द करा. प्रत मिळालीच नाही तर ‘मी न वाचता सही केली, हक्क सोडलेला नाही’ एवढं पत्राने कळवा आणि पोच जपून ठेवा.

मग सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन काढा. वारसनोंद झाली असेल तर त्या फेरफाराची नक्कल घ्या आणि चौघांची नावं आहेत का ते पाहा. फेरफार अजून मंजूर नसेल तर तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) नोटिशीच्या 15 दिवसांत लेखी हरकत द्या. तोंडी सांगितलेलं कुणी लिहून घेत नाही. तुमचं नाव वगळून नोंद मंजूर झाली असेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील, मुदत 60 दिवस, उशिराचं कारण पटलं तर तो माफ होऊ शकतो. आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला, असंही नाही. ती महसुली नोंद आहे, मालकी ठरवायचं काम दिवाणी कोर्टाचं.

नोंदणीकृत हक्कसोडपत्र मात्र नुसती कागदावरची सही नव्हे, ती केलीत की जमीन गेली. कर्ज फिटल्यावर ती आपोआप परत येत नाही. ‘नंतर पैसे देईन’ हे दस्तात नसेल तर कोर्टात सिद्ध करणं महाकठीण. फसवून घेतलं म्हणून दस्त रद्द करून मागायला तीन वर्षं मिळतात, पण तुम्ही अंगठा देऊन, फोटो काढून, ‘राजीखुशीने देते’ म्हणून आलेल्या असता. दिवाळीच्या सुमारास निबंधक कार्यालयात हे दृश्य मी कितीदा पाहिलंय. अधिकारी विचारतो, ‘ताई, स्वखुशीने ना?’ भाऊ शेजारीच उभा असतो. ‘नाही’ म्हणणार कशी? आणि ‘माझ्या लग्नात मला भरपूर दिले असून मला हिस्सा नको’ हे वाक्य आम्ही वकीलच वर्षानुवर्षं एका दस्तातून दुसऱ्यात उतरवत आलोय. तिला खरंच नको आहे का, हे विचारणारे आमच्यातही थोडेच.

त्या वाक्याला कायद्यात वजन नाही. लग्नाचा खर्च हिश्श्यातून वजा होत नाही. हुंडा दिला होता असं कुणी म्हणालं, तर 1961 पासून हुंडा देणंही गुन्हा आहे, याची शांतपणे आठवण करून द्या.

भावाला कर्ज खरोखर हवं असेल तर हक्कसोडीवाचूनही मार्ग आहेत. चौघांची नावं लागू द्या आणि कर्जाला तुम्ही सहहिस्सेदार म्हणून लेखी संमती द्या. मात्र तेव्हा तुमचा हिस्साही गहाण पडतो, म्हणून रक्कम किती ते आधी वाचा. किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करून भावाच्या वाट्याला बाग ठेवा, तो त्यावर हवं तेवढं कर्ज काढेल. किंवा हिश्श्याची रक्कम ठरवून ती चेकने घ्या, चेकचा नंबर दस्तात लिहा आणि मग हक्क सोडा. खरंच मनापासून सोडायचा असेल तर तोही तुमचाच अधिकार आहे. फक्त ते भाऊबीजेच्या दिवशी नको. महिनाभराने, बहिणीशी बोलून, स्वतःच्या वकिलाकडून दस्त वाचून घेऊन करा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987च्या कायद्याने स्त्रीला तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. मिळकतीच्या वादात स्त्रियांना कोर्ट फीची माफीही राज्याने 1994 मध्येच दिली आहे. पण दावा हे शेवटचं पाऊल. वाटणीचे दावे फार रेंगाळतात, आणि द्राक्षबागेला वाट पाहणं परवडत नाही. भावाला आधी हेच सांगा.

तुमच्या पत्रात आईबद्दल एक शब्द नाही. पाव हिस्सा तिचाही आहे आणि त्याची ती पूर्ण मालकीण आहे. जाल तेव्हा तिला एकटीला गाठून विचारा, दहाव्याला तिचीही सही घेतली होती का.