उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर

भाऊ, जुन्या मर्सिडीजची बॅटरी उतरते म्हणून लगेच नवी घेऊ नका. आपल्याकडचा उन्हाळा बॅटरीला लवकर थकवतो, तेव्हा आधी यवतमाळला बॅटरीची लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तिची ताकद तपासणी, करून घ्यावी. बॅटरी चांगली निघाल्यास बंद गाडी किती वीज खाते ते पाहण्यासाठी निगेटिव्ह टर्मिनलची केबल काढून मल्टीमीटर १० अँपिअरवर ठेवून टर्मिनल आणि त्या केबलच्या मध्ये जोडावा, उघड्या दाराचे लॅच पेचकसाने मिटवून चावी दूर ठेवावी आणि पाऊण तास थांबावे, कारण सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) झोपल्याशिवाय आकडा खरा नसतो. तो ५० मिलिअँपिअरच्या वर राहिल्यास फ्यूज उपटू नयेत, त्याने मॉड्यूल पुन्हा जागे होऊ शकतात. त्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरील दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजावेत; जिथे आकडा दिसेल, त्या फ्यूजमधून वीज वाहते आहे. माझा पहिला संशय मात्र बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमवरच असतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज उडेल.