नोकरी करत पीजी (पदव्युत्तर शिक्षण): वेळापत्रकाआधी प्रबंधाचे कागद हातात घ्या

फिजिओथेरपीची नोकरी, दिवसाला 16 पेशंट, आठवड्यातून तीन संध्याकाळी लेक्चर, रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटतात, तर वेळापत्रक कसं बसवू, असं तुम्ही विचारलंय. वेळापत्रकाचं शेवटी बघू. तुमच्या पोस्टमध्ये मधेच एक ओळ आहे: ‘प्रबंधाचा डेटा आमच्याच ओपीडीतून घेतेय, हेड हो म्हणालेत, पुढच्या आठवड्यात सुरू करते.’ कृपा करून सुरू करू नका.

तोंडी होकारावर काम सुरू करणं ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनात पेशंटचं हित जपलं जातंय का ते तपासणाऱ्या समितीच्या, पत्रावरची तारीख पहिल्या पेशंटच्या तारखेनंतरची निघाली आणि 11 जणांची मोजमापं बाद झाली. मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही, मिळूही नये. अर्ज चार महिने एका कार्यालयात पडून होता, कारण एका पानावर विभागाचा शिक्का नव्हता. तसं कळवायची तसदी कोणी घेतली नाही. विचारलं की एकच उत्तर, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ त्या 11 माणसांनी दुखरे गुडघे घेऊन आपला वेळ दिला होता, म्हणून हे आजही मनाला लागतं.

तेव्हा दोन वेगळे कागद लागतात हे पक्कं धरा. एक एथिक्स कमिटीची मंजुरी आणि दुसरी तुम्ही जिथे काम करता तिथल्या प्रशासनाची लेखी परवानगी. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं होत नाही. प्रशासनाच्या पत्रात विभाग, कालावधी, कोणती मोजमापं, जुन्या केसपेपरवरून माहिती घ्यायची की नाही, आणि हे काम ड्यूटीच्या वेळेत करायचं की नंतर, एवढं स्पष्ट यायला हवं. ‘ड्यूटीच्या वेळेत’ हे शब्द राहून गेले तर हेड बदलल्यावर अडचण येते. नियम विद्यापीठागणिक बदलतात, त्यामुळे तुमच्याकडचे तपासून घ्याच.

संमतीचा मुद्दा बरेच जण हलक्यात घेतात. पेशंट तुमच्या हाताखाली उपचार घेतोय. त्याला वाटतं, नाही म्हटलं तर मॅडम नीट लक्ष देणार नाहीत. म्हणून संमतीपत्र उपचारात नसलेल्या सहकाऱ्याने पेशंटला समजावून सांगून घ्यावं. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही हेच आहे. कमिटी हा प्रश्न विचारतेच, म्हणून प्रस्तावात आधीच लिहा. दोन उपचारांची तुलना करणारी ट्रायल असेल तर तिची नोंदणीही पहिला पेशंट घेण्याआधी व्हायला हवी.

आता आकडेमोड. संख्याशास्त्रज्ञाला डेटा गोळा झाल्यावर नाही, सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिताना भेटा. समजा प्रत्येक गटात 34 जण हवेत आणि 20 टक्के गळती (मधेच सोडून जाणारे) धरलीय. इथे 34 मध्ये 20 टक्के मिळवून 41 लिहिणं ही नेहमीची चूक आहे. 34 ला 0.8 ने भागायचं, म्हणजे 43, आणि दोन गट मिळून 86. महिन्याला गुडघेदुखीचे 24 नवे पेशंट येतात, निम्मे निकषांत बसतात, त्यातले दोन तृतीयांश तयार होतात, म्हणजे हाताशी 8. नुसत्या भरतीलाच 11 महिने लागले, शेवटच्या पेशंटचा फॉलोअप वेगळा. तुमचे आकडे घालून बघा. रजिस्टरमधून फक्त संख्या मोजा, नावं-नोंदी उतरवू नका.

हे गणित जमत नसेल तर विषय बदला. नोकरी करणाऱ्याने एकाच भेटीत मोजून होणारा अभ्यास घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. काही गाइडना तो हलका वाटतो. मला अर्धवट सुटलेल्या ट्रायलपेक्षा तो केव्हाही बरा वाटतो.

मोजमापात घोडं कुठे पेंड खातं तेही सांगते. सहा मिनिटांच्या वॉक टेस्टला प्रमाण कॉरिडॉर 30 मीटरचा. तुमचा 15 मीटरचा असेल तर वळणं दुप्पट होतात, प्रत्येक वळणावर वेग तुटतो आणि अंतर कमी भरतं. मग इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. आधी टेप घेऊन कॉरिडॉर मोजा. गोनिओमीटरचं, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनाचंही तसंच. गुडघ्यासाठी त्याचा मध्यबिंदू मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या बाहेरील उंचवट्यावर, स्थिर पट्टी खुब्याच्या उंचवट्याकडे, हलती पट्टी बाहेरच्या घोट्याकडे. मोजणारा माणूस उपचार करणाऱ्यापेक्षा वेगळा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. सुरुवातीला दहा जणांवर दोनदा मोजून आयसीसी, म्हणजे दोन्ही मोजमापं किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढा. 0.75 च्या खाली आला तर आधी सराव, मग डेटा.

शीटमध्ये एका पेशंटला एक ओळ, नावाऐवजी कोड. कोडची यादी वेगळी, कुलपात. केसपेपरचे फोटो मोबाइलवर पाठवू नका, सहकाऱ्यालाही नाही.

राहिलं वेळापत्रक. रोज रात्रीचा तास मला पटत नाही. दिवसभर पेशंट उचलून-वळवून अंग थकल्यावर वाचलेलं राहत नाही. जमत असेल तर आठ तासांच्या पाच दिवसांऐवजी दहा तासांचे चार दिवस मागा आणि मोकळ्या दिवशी दीड-दीड तासाच्या दोन बैठका करा. ज्यांना बेडवरून खुर्चीत हलवावं लागतं असे पेशंट सकाळच्या स्लॉटमध्ये घ्या. नोट्स पेशंट उठल्या उठल्या लिहा, संध्याकाळवर ढकललेल्या 16 नोट्स अभ्यासाचा वेळ खातात. आणि नोकरीचे तास क्लिनिकल पोस्टिंगमध्ये (अभ्यासक्रमातल्या पेशंटसोबतच्या कामात) धरले जातील असं गृहीत धरू नका, लेखी विचारा.

या लेखी विचारणेच्या अर्जाची, आणि यापुढच्या प्रत्येक अर्जाची, आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. दोन आठवड्यांनी प्रत घेऊन स्वतः जा आणि कोणतं पान अडलंय ते विचारा.