गणपतीतला ताप आणि तुळशीच्या लग्नात गळणारे केस

या महिन्यात केसांचीच पत्रं जास्त आलीत, त्यातली तीन घेतली. नावं नेहमीसारखीच छापत नाहीये.

प्रश्न : मी पाथर्डी फाट्याजवळ राहते, वय 34. गणपतीत डेंग्यू झाला, पाच दिवस ॲडमिट होते. बरी झाले पण तुळशीच्या लग्नाच्या सुमारास केस गळायला लागले ते थांबायचं नावच घेत नाहीत, न्हायलं की मोरीच्या जाळीवर पुंजका, झाडू मारला की पुंजका, परवा तर पोळीत निघाला. सोसायटीत बोअरचं पाणी आहे, सगळ्याजणी म्हणतात त्यानेच होतंय. तीन शाम्पू बदलले, बायोटिनच्या गोळ्या चालू केल्या, आता भीतीने आठवड्यातून एकदाच केस धुते. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, म्हणजे मूळच उपटून येतंय का? टक्कल पडेल का मला?

उत्तर : ताई, टक्कल नाही पडणार, हे आधी सांगते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, फक्त तुम्ही ते शाम्पूत शोधताय. आज जो केस गळतोय तो आज सुटलेला नाही, तो गणपतीतच सुटलाय.

डोक्यावरच्या 100 केसांतले साधारण 85-90 केस वाढत असतात आणि बाकीचे विश्रांती घेत असतात, विश्रांतीतला केस दोन-तीन महिने तिथेच बसून राहतो आणि मग खालून नवा केस यायला लागला की पडतो. म्हणून रोज 50 ते 100 केस गळणं कुणालाही चुकत नाही. जोराचा ताप आला की शरीर आपली ताकद वाचवायला बघतं आणि खूपसे वाढते केस एकदम विश्रांतीला जातात. ते पडतात दोन-तीन महिन्यांनी, तोवर आपण ताप विसरलेलो असतो आणि मग नाव येतं पाण्यावर नाहीतर शाम्पूवर. टायफॉइड, कोविड, ऑपरेशन, बाळंतपण, झटपट वजन कमी करायचं डाएट, सगळ्यांचं असंच. माझं बाळ चार महिन्यांचं होतं तेव्हा माझ्या उशीवर इतके केस असायचे की मी सकाळी उठून आधी उशी झटकायचे, आणि हे सगळं माहीत असूनही रडले होते. त्यामुळे तुमची भीती मी समजू शकते.

आता तो पांढरा ठिपका. ते मूळ नाही हो. विश्रांती संपवून सुटलेल्या केसाचं ते टोक असतं, खरं मूळ आत कातडीतच राहतं आणि तिथूनच नवा केस येतो. घरच्या घरी बघा, काळ्या ओढणीवर गळलेले दहा केस पसरा आणि खिडकीच्या उजेडात बघा. लांब, अख्खे आणि एका टोकाला पांढरा बारीक दाणा असला तर मागच्या तीन महिन्यांत काय झालं ते आठवायचं. अर्धे-मुर्धे तुकडे असले, दाणा नसला, तर केस गळत नाहीयेत, तुटतायत. मग पाणी, ओल्या केसांत ओढलेली फणी, हेअर ड्रायर, यांच्याकडे बघायचं. बोअरच्या पाण्यातले क्षार केसावर बसतात, केस राठ होतो, गुंता होतो, तुटतो. पण मुळाशी त्या पाण्याचं काही भांडण नाही. शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घेतला तरी फरक कळेल. धुण्याआधी खोबरेल लावलंत तर तुटणं कमी होतं, मात्र कोंडा असेल तर तेल रात्रभर ठेवू नका, कोंडा वाढतो.

आणि आठवड्यातून एकदाच धुणं बंद करा बरं. जे केस पडायचे ते पडणारच, तुम्ही सात दिवसांचे एकाच दिवशी बघताय म्हणून जीव घाबरतो.

एक काम मात्र कराच, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन आणि थायरॉईडची तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन बरं असतं आणि लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन रिकामा, असं बायकांत फार दिसतं. तपासणीला जायच्या आधी दोन-तीन दिवस बायोटिन थांबवा आणि लॅबमध्ये सांगा, कारण त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, हे कुणी सांगतच नाही. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर ती चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. तापानंतर महिनाभर खिचडी-पेजेवर काढला असेल तर आता डाळ, अंडी, मोडाची मटकी, दाणे, जे घरात चालतं ते दोन्ही वेळच्या जेवणात येऊ द्या.

कपाळाच्या कडेला बारीक उभे केस दिसायला लागले की समजा नवे आलेत. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे वेणी पहिल्यासारखी व्हायला वर्ष तरी जाईल. सहा महिन्यांनंतरही गळती चालूच राहिली किंवा भांग रुंद होतोय असं वाटलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : वय 26, अंबडच्या कंपनीत कामाला. रोज हेल्मेट, त्यामुळे पुढून दोन्ही कोपरे मागे चाललेत. घरचे लग्नाचं बघतायत, हेल्मेट सोडू का?

उत्तर : अजिबात सोडू नका दादा, डोकं राहिलं तर केस. हेल्मेटने टक्कल पडत नाही, घामाने खाज येते एवढंच, आत सुती रुमाल बांधा आणि रोज धुवा. कोपरे मागे जाणं हे डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे आहे, पुढच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं त्याला हळवी असतात, आणि हे आईकडून वडिलांकडून दोन्हीकडून येतं. मिनॉक्सिडिल लावतात, हे मुळात बीपीचं औषध, घेणाऱ्यांना केस यायला लागले म्हणून इकडे आलं. लावायला लागल्यावर पहिला महिना-दीड महिना केस जास्त गळतात आणि तिथेच बहुतेक मुलं घाबरून बाटली फेकतात, तसं करू नका, चार ते सहा महिने द्या. सोडलं की मिळवलेले केसही परत जातात, हे माहीत असून सुरू करा. फिनास्टराइडची गोळी डॉक्टरांशिवाय नको, काहींना त्याचा लैंगिक त्रास होतो, तो लाजेपोटी लपवू नका. जेवढे लवकर जाल तेवढे केस वाचतील, गेलेले परत आणणं अवघड असतं.

प्रश्न : नातू सात वर्षांचा. डोक्यात रुपयाएवढी जागा मोकळी झालीय. शेजारीण म्हणते चाई आहे, लसूण चोळा आणि रामकुंडावर मुंडण करा, दाट येतील. (पंचवटीहून एक आजी)

उत्तर : आजी, मुंडण विधी म्हणून करायचं तर जरूर करा, पण त्याने केस दाट होत नाहीत, वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो, मुळापर्यंत जातच नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं. आता ती जागा जवळून बघा. गुळगुळीत, चकचकीत, खाज नाही, तर चाई असू शकते. त्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती मुळांवर उलटते, किडा-बिडा काही नसतो आणि पुष्कळदा केस परत येतात. पण खपल्या, खाज, तुटलेल्या केसांचे काळे ठिपके दिसले तर ते बुरशीचं इन्फेक्शन, त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटात औषध लागतं. आणि ते दुसऱ्या मुलांना लागतं, म्हणून त्याचा टॉवेल, फणी, उशी आजपासून वेगळी ठेवा आणि घरातल्या बाकी मुलांची डोकी पण उजेडात बघून घ्या. लसूण नका चोळू, कोवळी कातडी भाजते आणि मग डॉक्टरांनाही ओळखता येत नाही. याच आठवड्यात दाखवा. आणि शाळेत मुलं चिडवत असतील तर त्याच्या बाईंना आधी जाऊन भेटा, टोपी घालू द्या म्हणावं.