पावसाळ्यात एकट्याने ऐकायला एखाद्या इंडी पॉप (मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेर, स्वतंत्रपणे केलेलं पॉप) बँडचा शांत, उदास असा पहिला अल्बम कोणता?

तुम्ही असंही विचारलंय की इंग्रजी शब्द पटकन कळत नाहीत, तर चालेल का. चालेल. माझ्याकडे एकच नाव आहे: स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या 'बेल अँड सबॅस्टियन'चा 'टायगरमिल्क', १९९६ सालचा.

मी देवगडचा. काही वर्षांपूर्वी ऐन जूनमध्ये मला चिकुनगुनिया झाला. ताप आठवड्यात उतरला, पण सांधे धरले ते पार दिवाळीपर्यंत. चहाचा कप उचलायला दोन्ही हात लागायचे. पडवीत खाट टाकून दिली होती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, बंदराकडून एरवी येणारी हाकाहाक नाही, दिवसभर नुसत्या पागोळ्या. मोठ्या आवाजाचं काहीच सोसत नव्हतं. हा एक अल्बम तेवढा सोसला.

एका दुपारी आई शेजारी बसून कुळीथ निवडत होती. मी पहिलं गाणं लावलं. सुरुवातीला फक्त गिटार आणि एक आवाज, बाकीची वाद्यं मागाहून, एकेक करत येतात. तो आवाज कुठे जोर म्हणून लावत नाही. आईला इंग्रजी येत नाही. ऐकता ऐकता तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "ह्यो गाणारो आजारी आसा काय रे?"

मला तोवर काहीच ठाऊक नव्हतं. रात्री शोधून वाचलं. स्टुअर्ट मर्डॉक, बँडचा गायक आणि यातली गाणी लिहिणारा, तरुणपणी क्रॉनिक फटीग सिंड्रोमने जवळजवळ सात वर्षं घरात अडकला होता. कितीही झोपलं तरी न जाणारा थकवा. गाणी लिहायला तो लागला त्याच काळात. आईने हे नुसत्या आवाजातल्या दमावरून ओळखलं. महिनाभर माझं उठणं-बसणं बघत होती ना.

अल्बम निघाला तोही असाच, गाजावाजा न करता. ग्लासगोच्या स्टो कॉलेजात संगीत व्यवसायाचा एक कोर्स होता. तिथले विद्यार्थी दरवर्षी कुठल्या तरी स्थानिक बँडचं एखादं गाणं बाजारात आणत. या बँडकडे गाणी इतकी साठलेली होती की अख्खी रेकॉर्डच काढली. विनाइल तबकडीच्या फक्त एक हजार प्रती. त्या संपल्यावर लोक कॅसेटवर उतरवून घेत. दुकानात तो पुन्हा मिळायला १९९९ साल उजाडलं.

दहा गाणी आहेत. दुसऱ्यात शाळेत घुसमटणारी एक मुलगी आहे. सातवं पियानोवरचं, संथ. माझ्या मते अल्बमचा जीव त्यातच आहे. कातरवेळी, दिवे गेलेले असताना ते ऐका. पाचवं मात्र यंत्राच्या तालावरचं, ते मला या घरातलं वाटत नाही. मी ते गाळतो. तुम्ही निदान एकदा ऐकून ठरवा. उदास म्हणाल तर आहेच, पण ती उदासी गळ्यात पडत नाही. बऱ्याच गाण्यांची चाल हलकी आहे, पाय आपोआप हलतो. मला सगळ्यात आधार वाटला तो याचाच: अंगात थोडीच ताकद असलेला माणूस ती मोजून, जपून वापरतोय, आणि तरी गाणं पुरं करतोय.

हेडफोन नको. फोन खिडकीत ठेवा, पावसात एखादी ओळ बुडाली तर बुडू दे.

वाचलेलं सगळं मी दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं. तिने विचारलं, "मगे, बरो झालो काय तो?" म्हटलं, पुरता नाही. पण अजून गातो.