भूशिर आणि द्वीपकल्प

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या सोलापूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘भूशिर काय नि द्वीपकल्प काय, दोन्हीकडे तीन बाजूंनी पाणीच. मग कन्याकुमारीला म्हणायचं काय?’

भूशिर. ‘तीन बाजूंनी पाणी’ ही खूण दोघांनाही लागू पडते, म्हणून नुसत्या तिच्यावर विसंबलं की घोटाळा होतो. त्यापेक्षा शब्द फोडून बघा. भूशिर म्हणजे जमिनीचं डोकं, समुद्रात घुसलेलं टोक. ‘केप’ हा शब्दही लॅटिनमधल्या ‘कापुत’वरून, म्हणजे डोक्यावरूनच आला.

द्वीपकल्पातला ‘कल्प’ मात्र कल्पनेतला नव्हे. संस्कृतात हा प्रत्यय ‘जवळजवळ, थोडं कमी’ असा अर्थ देतो. मृतकल्प म्हणजे मेल्यात जमा. तसं द्वीपकल्प म्हणजे बेट व्हायची थोडक्यात राहिलेली जमीन. ‘पेनिन्सुला’ची फोडही हुबेहूब हीच: ‘पेने’ म्हणजे जवळजवळ, ‘इन्सुला’ म्हणजे बेट. इतका नेमका शब्द मराठीत रुळला आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

तेव्हा भूशिर हे टोक आणि द्वीपकल्प हा प्रदेश. सोलापूर कोकण किनाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर आत, तरीही भारतीय द्वीपकल्पातच. भूशिरावर उभं राहिलं की मात्र समोर समुद्र दिसलाच पाहिजे. आणि प्रत्येक भूशिरामागे द्वीपकल्प असतंच असं नाही. रत्नागिरीचा रत्नदुर्ग ज्या खडकाळ टोकावर आहे ते भूशिर, पण रत्नागिरीला कुणी द्वीपकल्प म्हणत नाही.

हिंदी पुस्तकांतून टिपणं काढताना खरी चूक होते. हिंदीत भूशिराला ‘अंतरीप’ आणि द्वीपकल्पाला ‘प्रायद्वीप’ म्हणतात. अंतरीप हा शब्द बेटासारखा वाटतो, आणि अमरकोशात तो द्वीपाचाच पर्याय आहे. आजच्या हिंदीत मात्र अर्थ टोकाचा. सोलापुरात ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात त्यांना ‘द्वीपकल्पम्’ ओळखीचा असेल, अर्थ तोच. कन्नडमध्ये मात्र त्याला ‘पर्यायद्वीप’ म्हणतात.

लिहिताना ‘केप ऑफ गुड होप भूशिर’ नको, केप म्हणजेच भूशिर झालं. ‘गुड होपचं भूशिर’ पुरे. आणि ‘भूशीर’ही नको. खीर, तीर पाहून हात आपोआप दीर्घाकडे वळतो, पण ‘शिर’ तत्सम, मूळचाच ऱ्हस्व, म्हणून ‘शि’ पहिलीच.